फाउमालोसाहेबांचं तोंड

...आणि वर मलाच विचारतात, "काय वाइफाले, हल्ली गावात तुमचा आवाज ऐकू येत नाही?" अहो, कसा येईल? बंदी आहे! तीन वर्षं! मैदानात नाही, सभेत नाही, लग्नात नाही, मयतीला नाही, चर्चच्या पायरीवरसुद्धा चार माणसं जमवून तोंड उघडायचं नाही, असा गावाचा ठराव झालाय माझ्यावर, आणि तोही कुणामुळं?... तिकडं बघू नका! सगळ्यांनी एकदम माना वळवू नका हो, त्याला कळेल! तो, तिकिटाच्या खिडकीपाशी उभा आहे ना, पांढरा शर्ट, खिशाची काळी लुंगी, काखेत लाल फाइल... तोच. फाउमालो. हो हो, तेच ते, मंत्री होते ते! ओळखू येत नाही ना? गाडीतून उतरलेला माणूस असाच दिसतो, पायी.

ही तुमची तारोच्या कंदांची करंडी जरा सरकवा, बसतो मी. बोट यायला अजून अवकाश आहे, आणि हा धक्का आमच्या गावात येत नाही, म्हणजे इथं बोलायला मला पूर्ण मोकळीक आहे. कुणी आमच्या वाइतोआचं नाही ना तुमच्यात? नक्की? मावशी, तुम्ही? पलीकडच्या गावच्या? मग हरकत नाही, पण आमच्या पेनिनाला सांगू नका. बायको माझी. तीच म्हणाली, "अहो, अपियाला तुमच्या बहिणीकडं जाऊन या पंधरा दिवस. गावात बोलता येत नाही म्हणून घरात माझ्यापुढं झाडू टेकून उभे राहता, काल तुम्ही मटणाच्या डब्याचं स्वागत केलंत, दहा मिनिटं. डबा उघडू द्या की!"

आता तुम्हाला सांगतो, माझा धंदा काय? बोलणं! बाप बोलायचा, आजा बोलायचा. थोरल्या सरदारानं बोलायचं नसतं हे तुम्हाला मी काय सांगायचं, तुमच्याही गावात तेच. थोरल्यानं खांबाला पाठ लावून बसायचं, आवाची करवंटी आली की प्यायची, आणि जगाशी जे काय बोलायचं ते त्याच्या वक्त्यानं, उन्हात, काठी टेकून, खांद्यावर चवरी टाकून. तो गावाची शान, मी गावाचा घसा. तर हा फाउमालो माझा थोरला! वीस वर्षं! आणि वीस वर्षांत तो काय बोलला? काही नाही! बोललो कोण? मी!

तसा तो आला तेव्हा कोण होता? ऑकलंडच्या खाटीकखान्यात शीतघरात मेंढ्या टांगायचा. चुलता वारला, गादी रिकामी, घराण्यात भांडणं, म्हणून तोडगा काढला की जो इथं नव्हता, ज्याचं कुणाशीच वाकडं नाही, त्याला बसवा. बसवला! आणि बसवल्यावर लक्षात आलं की अहाहा, काय बसतो हा माणूस! भव्य! मान ताठ, पोट ऐसपैस, डोळे अर्धे मिटलेले, जणू काही सगळ्या बेटाचा विचार चाललाय. मी जवळून बघायचो ना, विचारबिचार काही नाही, जेवण कधी लागतंय एवढंच. पण लांबून... लांबून तो माणूस डोंगर वाटायचा. आणि त्याच्याकडं एक शब्द होता. एकच. "हं."

हसू नका! तो "हं" तुम्ही ऐकलेला नाही. पोटातून यायचा. आखूड "हं" म्हणजे डुक्कर पसंत आहे. लांब "हं" म्हणजे हे काम माझ्या मेव्हण्याला द्या. नाकातून आला तर पाद्रीबुवांना आवरतं घ्यायला सांगा. आणि अर्थ लावायचा कुणी? मी! एकदा एक बाई रडत आली, नवरा बोटीसकट बेपत्ता झालेला. हा म्हणाला, "हं." मी उठलो आणि त्या एका "हं"मधून असा काही समुद्र काढला, असा धीर काढला, की ती बाई त्याच्या पायाशी पडली, गावातली म्हातारी माणसं रडली, मी रडलो! घरी परतताना मला म्हणतो, "वाइफाले, ती बाई कोण?"

मग निवडणूक. मीच म्हणालो, उभे राहा. हो, कबूल आहे, मीच! मला वाटलं, आमच्या गावाचा माणूस वर गेला तर रस्ता होईल, दवाखाना होईल... आणि खरं सांगू? मला वाटलं, माझं बोलणं नऊ गावं ऐकतील. माणसाला मोह असतो हो. नऊ गावं फिरलो. प्रत्येक मैदानात तो छत्रीखाली खुर्चीत, मी उन्हात. त्याच्या सात पिढ्या सांगितल्या, त्यातल्या दोन मी जाग्यावर जन्माला घातल्या. त्याच्या शीतघरातल्या नोकरीचं काय केलं माहितीय? "परदेशी, बर्फाच्या राज्यात, एकट्यानं हजारो जिवांचा भार वाहिला या माणसानं!" मेंढ्या होत्या त्या, मेलेल्या! पण लोक उठून नाचले. निवडून आला. पुन्हा आला. तिसऱ्यांदा आला आणि मंत्री झाला, रस्ते-पुलांचा, आणि मोटारीवर झेंडा लागला. पेपरात काय छापलं? "फाउमालो यांची मुलूखमैदान तोफ धडाडली"! तोफ! तो काय बोलला? काही नाही! बोललो कोण? मी! मी आपला मागच्या सीटवर, काठी आडवी धरून, दर खड्ड्याला तिनं काच फुटायच्या बेतात.

एकदाच फसलो. रेडिओवाल्यांनी त्याला एकट्याला आत घेतला, काचेच्या खोलीत, मला बाहेर ठेवलं. "मंत्रिमहोदय, जनतेला काय संदेश द्याल?" झालं! एक मिनिट गेलं. दोन मिनिटं गेली. मी काचेबाहेरून हातवारे करतोय, "हं तरी म्हणा! हं तरी म्हणा!" शेवटी तो निवेदक हुशार, म्हणाला, "मंत्रिमहोदयांनी श्रोत्यांसह मौन पाळलं आहे." दुपारपर्यंत लोक फोन करत होते, कोण वारलं म्हणून!

बघा, अजून तिथंच उभा आहे खिडकीपाशी. काय करतोय कोण जाणे. जाऊ दे, मला काय.

तर... झरा. इथं मला जरा... थांबा, पाणी आहे कुणाकडं? हां. पाण्याचंच सांगतोय बघा. आमच्या वाइतोआला किनाऱ्यावर, काळ्या खडकांत, गोड्या पाण्याचा झरा होता. समुद्र हातभर अंतरावर आणि हे पाणी गोड! ओहोटी लागली की बुडबुडे वर यायचे, थंडगार. सकाळ बायकांची, संध्याकाळ पुरुषांची, मधली दुपार पोरांची. आमच्या पेनिनाला जन्मल्यावर पहिली आंघोळ तिथं घातली, तिच्या आईला शेवटची तिथल्याच पाण्यानं. गावात भांडण झालं तर बायका तिथं कपडे आपटत मिटवायच्या, सभेपर्यंत येऊच द्यायच्या नाहीत. असा झरा.

आणि मंत्रिमहोदयांनी काढली समुद्राला भिंत! लाट गावात शिरू नये म्हणून. कल्पना वाईट नव्हती हो. पण काम मेव्हण्याला, आणि भिंतीची रेघ कुठून? तर बरोबर झऱ्याच्या अंगावरून, कारण पलीकडच्या अंगाला मेव्हण्याची मशीन उभी करायला जागा सोयीची! पेनिना पहिली म्हणाली मला, रात्री नाही, भर सकाळी, चुलीपुढं, "अहो, झरा जाईल." मी म्हटलं, "सरकारी इंजिनिअर आहेत, त्यांना कळतं." ती म्हणाली, "त्यांना भिंत कळते. झरा कुणाला कळतो?" मी म्हटलं, "तू कोको दे."

सभा भरली. आमचे सर्वांत वडील, मातागी, नव्वदीला आलेले, त्यांनी थेट फाउमालोला विचारलं, "बाबा रे, पाणी राहील का?" बायका सभेच्या घराबाहेर कडेकडेनं बसलेल्या, पेनिना पुढंच. आणि हा म्हणाला... काय म्हणाला? बरोब्बर. "हं."

आता तो "हं" कसला होता? आजही सांगतो, मला कळला नाही. वीस वर्षांत पहिल्यांदा कळला नाही. आखूड नव्हता, लांब नव्हता, ढेकर असावा. त्या वेळी मी काय करायला हवं होतं? बसून राहायला हवं होतं! पण सगळं गाव माझ्याकडं बघतंय, काठी हातात आहे, चवरी खांद्यावर आहे... उठलो! म्हणालो, "जोवर ही भिंत उभी आहे तोवर वाइतोआचं पाणी गोड राहील! आमच्या नातवंडांची नातवंडं या पाण्यात डुंबतील, आणि तसं झालं नाही तर माझी जीभ या गावाची, हवं ते करा तिचं!" काय भाषण झालं! मातागींच्या डोळ्यांना धार. भिंतीला कौल मिळाला. फक्त पेनिना उठून गेली.

भिंत झाली. फीत कापली, बँड, भाजलेली डुकरं, भाषण... कुणाचं ते विचारू नका. आणि शेवटच्या दिवशी मेव्हण्याच्या माणसांनी काय केलं ठाऊक आहे? मशीनमध्ये काँक्रीट उरलं होतं. परत कुठं न्यायचं म्हणून ओतलं झऱ्यात! तोंडातच! चार महिन्यांत पाणी खारट. पुढच्या वादळात भिंत आडवी, एका रात्रीत, बिस्किटासारखी. भिंत गेली, पण झऱ्याच्या तोंडातला तो गोळा? तो नाही गेला! तेवढंच एक काम मेव्हण्यानं भक्कम केलं! मी पेनिनाला म्हटलं, "हे बघ, मी 'भिंत उभी आहे तोवर' असंच म्हणालो होतो..." तिनं हातातली बादली खाली ठेवली. टँकरचं पाणी होतं, अर्ध्या कोसावरून आणलेलं. काही बोलली नाही. तुम्हाला सांगतो, मी शब्दांवर जगलेला माणूस, पण मला आयुष्यात कुणी एवढं बोललेलं नाही.

मग काय, निवडणूक आली आणि पडला. पडला म्हणजे कसा? गाजावाजा नाही, काही नाही, शाळेतल्या एका निवृत्त गुरुजींनी पाडला, जे स्वतः बोलायचे! लोकांना नवल वाटलं, उमेदवाराला आवाज असतो म्हणून! आमच्या स्वतःच्या गावातून त्याला मतं किती, ते मी मोजलं नाही. पण आमच्या घरात तीन मतं आहेत, आणि पेनिना अजून सांगत नाही मला तिनं कुणाला दिलं ते. माझी शपथ घेऊन सांग, म्हटलं. ती म्हणाली, "तुमच्या शपथा पुरे झाल्या."

आणि रविवारी, प्रार्थना सुटल्यावर, हा पांढऱ्या कोटात, हातात भजनाचं पुस्तक घेऊन मोटारीपाशी गेला, तर ड्रायव्हर म्हणतो, "साहेब, माफ करा, गाडी परत मागवलीय." झेंडा काढून घेतला, घडी घातली, गाडी निघून गेली. सगळं गाव पायऱ्यांवर उभं. एक कुणी म्हणालं नाही, साहेब, या आमच्या गाडीतून. हा थोडा वेळ उभा राहिला. मग चालायला लागला, पण चुकीच्या दिशेला. इतकी वर्षं घर कुठल्या बाजूला आहे ते ड्रायव्हरला माहीत होतं ना! मला हसू आलं, आणि मग... नाही आलं. मी मागून गेलो, हळूच म्हटलं, "साहेब, इकडून." ही माझी खोड!

दुसऱ्याच आठवड्यात गावानं ठरवलं, फाउमालोनं वाइतोआत पाऊल ठेवायचं नाही. गेला अपियाला, राजधानीत, भाड्याच्या घरात. पक्षानं भिंतीवरचा फोटो काढला, मेव्हणा गेला ऑस्ट्रेलियाला, फोन बंद. मला निरोप आला, ये. गेलो. पंख्याखाली बसलेला, पुढ्यात घराण्यातली ती बारीक विणीची चटई, पणजीच्या हातची, लग्नामयतीलाच बाहेर निघणारी. चटईकडं बोट केलं आणि म्हणाला, "हं." मला भरून आलं हो! म्हटलं, माणूस माफी मागतोय! आपली जुनी रीत, पहाटे जायचं, ज्यांचं वाईट केलं त्यांच्या दाराशी चटई डोक्यावर पांघरून बसायचं, ऊन होवो पाऊस होवो, ते चटई उचलेपर्यंत हलायचं नाही, अवाक्षर काढायचं नाही. मारलं तर मार खायचा. उचलली चटई, की माफ. मी म्हटलं, साहेब, तुम्ही जिंकलात!

ठरलं होतं काय? चटईखाली तो, आणि मी बाजूला, चटई उचलली की आभाराचं बोलायला. पहाटे भाड्याची गाडी गावच्या वळणावर थांबली. तो उतरला. दोन पावलं टाकली. मग गुडघ्याकडं बोट केलं. मग चटईकडं. मग... माझ्याकडं. "हं."

तुम्ही असता तर काय केलं असतं? नाही म्हणाला असता! कोणीही नाही म्हणाला असता! पण मला तो "हं" कळला ना! वीस वर्षं कळून घ्यायचीच सवय! घराण्यातल्या कुणीही बसलं तरी चालतं, ही रीत आहे, असं माझं मीच त्याला समजावून सांगितलं! तो परत गाडीत जाऊन बसला आणि मी मातागींच्या घरापुढं, गारगोट्यांवर, चटईखाली.

उजाडलं. पाहिलं लोकांनी. "फाउमालो आलाय!" "बसलाय!" चटईखाली काय दिसतं? आपले गुडघे. आणि ऐकू मात्र सगळं येतं. ऊन चढलं. मुंग्या. घामानं ती चटई अशी शेकली की पणजीचा सगळा सुवास नाकात. लोक येतायत, शिव्या देतायत, एकानं नारळाची शेंडी मारली, एका म्हातारीनं टँकरचं पाणी आणून ओतलं, "घे, पी!" म्हणून. मी गप्प. मी! मनात वाक्यांवर वाक्यं तयार होतायत, एकाहून एक, आणि बाहेर नाही काढायची!

दुपार झाली तसे लोक मऊ पडले. "थोरला माणूस, एवढ्या उन्हात..." "गुडघे दुखतात त्याचे, तरी बसलाय..." आणि मग मातागींचा आवाज, "बसला तर खरा. मंत्री होता, तरी मान वाकवली. पण ज्यानं त्याच्या वतीनं गावाला शब्द दिला, तो कुठाय? वाइफालेला बोलवा!"

अहो, मी इथंच आहे! तुमच्या पायाशी! पण बोलायचं नाही, बोललो की माफी मोडली. लोक हाका मारतायत, "वाइफाले! ओ वाइफाले!" माझ्या घरी बघून आले, चर्चमागं बघून आले, झाडावरसुद्धा बघितलं एकानं! आणि आमच्या गावचा दुसरा वक्ता, लेउला, तीस वर्षं माझ्या जागेवर डोळा ठेवून असलेला, तो गोड आवाजात म्हणतो, "पळाला असेल बिचारा. धनी उन्हात, आणि चाकर सावलीत." सावलीत! आणि त्यावर पेनिना... तिचा आवाज अगदी जवळून आला. ती म्हणाली, "थोरल्यानं तरी लाज राखली. माझा माणूस आला नाही. एवढं तरी करायला हवं होतं त्यानं. आला असता तर मी स्वतः त्याच्या शेजारी बसले असते."

मी चटईखाली रडलो. सांगायला लाज कसली. आवाज न करता रडलो, तेही पहिल्यांदाच.

मग निकाल. मातागी म्हणाले, "फाउमालोला गावानं माफ केलं. त्याची जागा त्याला परत. आणि वाइफाले तोंड लपवून पळाला, म्हणून तीन वर्षं त्याचं तोंड बंद. काठी माझ्या घरी टांगा." सगळी सभा म्हणाली, मान्य! आणि चटई उचलली.

...मी.

कुणी हसलं नाही हो. मला वाटलं होतं हसतील. कोंबडीसुद्धा ओरडली नाही. पेनिनानं दोन्ही हात तोंडावर घेतले. मातागी बघतायत माझ्याकडं, मी बघतोय त्यांच्याकडं. शेवटी ते म्हणाले, "सभेत उच्चारलेला शब्द परत घेता येत नाही. माफी ज्याच्या घराण्याची चटई त्याला. शिक्षा ज्याचं नाव घेतलं त्याला." मी म्हटलं, "पण आजोबा, मी पळालो नाही, मी तर इथंच..." आणि लेउला लगेच उठला! "बंदी चालू झालीय! बोलला! सभेपुढं बोलला!" अर्ध्या वाक्याला एक डुक्कर दंड! अर्ध्या! पुरं केलं असतं तर डुकरीण पिलांसकट गेली असती!

आणि हा? हा गाडीतून उतरला, गुडघा एकदम ठणठणीत, आला, आपल्या खांबाला पाठ लावून बसला, करवंटी आली, घेतली. माफी कुणाला मिळाली? त्याला! बोललो होतो कोण? मी!

पण ऐका, त्याचंही काय झालं ते. खांब मिळाला, पण आता तो माणूस नुसता खांबच! कुणी काही विचारलं की "हं." आणि पुढं कोणीच उठत नाही. लेउला त्याच्यासाठी कशाला बोलेल? आधी लोक वाट बघायचे. मग बघेनासे झाले. मग त्याच्या पलीकडच्या माणसाशी त्याच्या अंगावरून बोलायला लागले. एवढा डोंगर, पण कुणाला दिसेना.

परवाच्या सभेत मातागींना दया आली. माझी. आमची घरं चारी बाजूंनी उघडी, म्हणून मी बाहेर, नीरफणसाखाली, गवत उपटायच्या मिषानं उभा होतो. पेनिना शेजारी. मातागी म्हणाले, "शब्द परत घेता येत नाही, पण वर दुसरा ठेवता येतो. ज्याच्यासाठी वाइफाले बोलला आणि ज्याच्यासाठी उन्हात बसला, त्यानं त्याच्यासाठी एक वाक्य बोलावं. एकच. आत्ता. काठी परत देतो."

सगळ्या माना फाउमालोकडं. त्यानं करवंटी खाली ठेवली. घसा खाकरला. आणि खरंच सांगतो, त्याला बोलायचं होतं. मी बघितलं त्याच्या तोंडाकडं. ओठ हलले. "वाइफालेनं..." एवढंच म्हणायचं होतं की! "चूक माझी," संपलं! पण तो... इकडंतिकडं बघायला लागला. खांबांमधून बाहेर. शोधायला लागला. मला! मी उठून त्याच्यासाठी बोलावं म्हणून मला शोधत होता! माझ्यासाठी काय बोलायचं ते मीच सांगावं म्हणून! आणि मी... माझं तोंड उघडलं होतं हो! वाक्य तयार होतं! पेनिनाचा हात वेळेवर पडला तोंडावर, नाहीतर आणखी एक डुक्कर!

मातागींनी बराच वेळ वाट बघितली. मग म्हणाले, "पुढचा विषय."

तेव्हापासून आम्ही एकमेकांशी बोललेलो नाही. म्हणजे मी बोललेलो नाही, त्याचा काही प्रश्नच नव्हता. आज हा त्या भिंतीच्या चौकशीला निघालाय अपियाला, त्या लाल फायलीत समन्स आहे, त्यात लिहिलंय म्हणे, "स्वतः हजर राहून स्वतः उत्तरं द्यावीत." स्वतः! वकील नको, वक्ता नको. हातात ते घेऊन माझ्या कुंपणाशी दोन दिवस उभा राहिला होता. मी बाहेर गेलो नाही. नाहीच गेलो! माणसाला काही मान आहे की नाही?

आली, बोट आली. भोंगा झाला. चला... अहो, पण तो अजून खिडकीशीच? रांग बघा केवढी झाली मागं! काय ओरडतायत लोक? "ए बाबा, सांग की कुठं जायचंय!" "मुका आहे का?" अरे, मंत्री होता तो... आणि ती खिडकीतली बाई विचारतेय, काय हवंय, काय हवंय, आणि हा नुसता... बघू नका तिकडं. मी बघतच नाही. खिडकी बंद करतील आता. राहील इथंच. राहू दे! मला काय त्याचं! भोगू दे की जरा! त्यानं इकडं बघितलं का? ...बघितलं.

मावशी, माझी पिशवी धरा. आलोच. सरका, सरका जरा, दादा, मागं ढकलू नका, थोरला माणूस आहे... हां बाई, दोन द्या. पलीकडच्या बंदराची. एक माझं, एक साहेबांचं. काय? साहेब आत बसणार का बाहेर? थांबा, विचारतो.

...ऐकलंत ना? आत म्हणतायत, खिडकीजवळ. मला कुठंही चालेल.